छात्राध्यापकांना ग्रुप आवडतो का? प्रश्न जरा फिरवून विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अध्यापक महाविद्यालयात तुमचं हे पहिलंच वर्ष. वर्गासाठी व्हॉट्सअॅप ग्रुप केलात, यूट्यूबच्या लिंका दिल्यात, पॅडलेटवर (सगळ्यांना नोंदी चिकटवता येणाऱ्या ऑनलाइन फळ्यावर) चर्चाही सुरू केलीत. सत्र संपताना प्रश्नावली भरून घेतली, तर ‘सोशल मीडिया शिकण्यासाठी उपयुक्त आहे’ या विधानासमोर जवळजवळ सगळ्यांनी ‘पूर्णपणे सहमत’ निवडलं. ग्रुपवर मात्र पाच-सहा जणच बोलतात, बाकीचे अंगठा टाकून मोकळे होतात. आणि तोंडी विचारलं तर, ‘वैताग येतो हो सर.’ मग यांना खरं वाटतं तरी काय, आणि हे सगळं चालू ठेवायचं की गुंडाळायचं?

खोटं कुणीच बोललेलं नाही. तुम्ही दोन वेगळे प्रश्न विचारलेत, म्हणून दोन वेगळी उत्तरं आली. मी 20 वर्षं छात्राध्यापकांना, म्हणजे शिक्षक होण्याचं शिक्षण घेणाऱ्यांना, शिकवते आहे आणि ही फसगत माझीही झालेली आहे, तेव्हा जरा सविस्तरच लिहिते.

आधी प्रश्नावली. ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंतची शिडी रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये अभिवृत्ती, म्हणजे एखाद्या गोष्टीकडं पाहण्याचा कल, मोजायला मांडली. शिडीत दोष नाही, पण ती कुठल्या भिंतीला टेकवली आहे ते पाहावं लागतं. तुमची विधानं पाहिली: उपयुक्त आहे, वापरायला सोपं आहे, पुढेही वापरेन. ही सगळी फ्रेड डेव्हिस यांच्या 1989 च्या तंत्रज्ञान-स्वीकृतीच्या प्रारूपाच्या घराण्यातली. डेव्हिस तपासत होते ते कचेरीतले संगणक प्रोग्राम, म्हणजे ईमेल, फाइल संपादक असलं काही. माणूस एकटा यंत्रासमोर बसला आहे; त्याला ते कामाचं वाटतं का, जमण्यासारखं वाटतं का, एवढं विचारलं की तिथं भागत होतं. ग्रुपवर कुणीच एकटं बसलेलं नसतं. पुढं या प्रारूपाचा विस्तार झाला तेव्हा ‘इतरांना वाटतं मी हे वापरावं’ हा सामाजिक प्रभावाचा घटक त्यात आला खरा. पण ‘कोण वाचतंय याची धास्ती वाटते’ असं विधान तयार प्रश्नावल्यांमध्ये मला फार क्वचित दिसलं आहे. त्यात अंतर्गत गुण तुमच्याच हातात. गुगल फॉर्म उघडला की ही मुलं आपला ईमेल नोंदला जातोय का ते आधी बघतात आणि प्रश्न मागाहून वाचतात.

आता एक प्रसंग सांगते. सराव पाठांचे, म्हणजे शाळेत जाऊन शिकवून पाहण्याचे, दिवस होते. रात्री दहाच्या सुमारास मी ग्रुपवर विचारलं, ‘आजच्या पाठात कुठं अडलं?’ एका विद्यार्थिनीच्या नावापुढं ‘टाइप करत आहे’ असं आलं. गेलं. पुन्हा आलं. चार-पाच मिनिटं हे चाललं आणि शेवटी तिच्याकडून एक अंगठा आला, तोही दुसऱ्याच कुणाच्या मेसेजला. अकराला तिचा मला एकटीला मेसेज. अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ होता. 1/2 आणि 1/3 यांची बेरीज एका मुलानं 2/5 सांगितली. तिनं ‘चूक’ म्हटलं. त्यानं विचारलं, ‘का?’ तिला समच्छेद करण्याची रीत येत होती, पण ‘का’ला उत्तर देता येईना. फळ्याकडं तोंड करून तिनं पुढचं उदाहरण लिहायला घेतलं आणि तास संपेपर्यंत त्या मुलाकडं पाहिलं नाही. मेसेजच्या शेवटी होतं: ‘ग्रुपवर लिहिणार होते मॅडम, पण सगळ्यांना कळलं असतं की मला शाळेतलं गणितसुद्धा येत नाही.’

मी तिला समजावणीचं काहीबाही लिहिलं. दुसऱ्या दिवशी कळलं की माझी गरजच पडली नव्हती. हाच प्रश्न तिनं आदल्या रात्री ‘दुसऱ्या’ ग्रुपवर टाकला होता. तिथं एकानं कागदाची पट्टी मधोमध दुमडून, अर्धा भाग रंगवून फोटो टाकला. खाली एकच ओळ: ‘2/5 अर्ध्यापेक्षा लहान आहे. अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसं येईल, हे त्यालाच विचार.’ इतकं नेमकं मलाही सुचलं नव्हतं, हे कबूल करते.

हा दुसरा ग्रुप प्रत्येक तुकडीचा असतो. तुमच्याही आहे. त्यात एकही शिक्षक नसतो. पाठ टाचणांची (पाठाच्या लेखी आराखड्यांची) देवाणघेवाण, शैक्षणिक साधनांचे फोटो, आज निरीक्षणाला कोण येणार, कोण खवळलेलं आहे, आणि मग रडारड, थट्टा, पुन्हा रडारड. तुमच्या प्रश्नावलीत ‘उपयुक्त आहे’ निवडताना मुलांच्या डोळ्यासमोर हा ग्रुप होता. ‘वैताग येतो’ म्हणताना तुमचा होता. साधन तेच, हातातला फोनही तोच. म्हणून ‘छात्राध्यापकांना सोशल मीडियाबद्दल काय वाटतं’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कुणासमोर काय वाटतं, असं विचारायला हवं.

इतर विद्यार्थ्यांपेक्षा छात्राध्यापकांचं हे दुखणं जरा जास्त असतं आणि त्याचं कारण त्यांच्या स्थितीत आहे. सकाळी शाळेत मुलं त्यांना ‘सर’, ‘बाई’ म्हणतात. दुपारी ते आपल्या वर्गात बाकावर बसतात आणि टाचणावर लाल शाईच्या खुणा घेऊन घरी जातात. दिवसातून दोनदा कातडी बदलायची. प्रत्यक्ष जगात हे जमतं, कारण दोन जागा वेगळ्या असतात, मध्ये भिंती असतात. अॅलिस मार्विक आणि डॅना बॉइड यांनी ट्विटर वापरणाऱ्यांविषयी 2011 मध्ये जे मांडलं ते नेमकं याच भिंतींबद्दल: एरवी वेगवेगळे राहणारे श्रोते अशा माध्यमावर एकाच ठिकाणी गोळा होतात आणि बोलणाऱ्याला कळत नाही की आपण नक्की कुणाशी बोलतोय. छात्राध्यापकासमोर त्या गर्दीत प्राध्यापक असतात, मार्गदर्शक शिक्षक असतात, स्पर्धक असलेले वर्गमित्र असतात, क्वचित पालक असतात, आणि सराव शाळेतला आठवीतला एखादा मुलगा असतो ज्यानं कालच इन्स्टाग्रामवर रिक्वेस्ट धाडलेली आहे.

त्या रिक्वेस्टबद्दल छात्राध्यापकांना जे वाटतं ते ऐकण्यासारखं असतं. आधी सुखावतात, कारण आपण आवडलो. मग पोटात गोळा येतो, कारण प्रोफाइलवर सहलीतले फोटो आहेत, तीन वर्षांपूर्वीची भांडणं आहेत. स्वीकारली तर अडचण, नाकारली तर मूल दुखावणार. एकानं मला सांगितलं की त्यानं त्या रात्री बसून चारशेहून जास्त जुन्या पोस्ट काढून टाकल्या. शिक्षक होण्याची पहिली जाणीव त्याला पाठ देताना नव्हे, तर त्या रात्री झाली, असं तो म्हणाला. (माझा नियम सरळ आहे: शाळेतल्या मुलांची रिक्वेस्ट घ्यायची नाही, आणि का घेत नाही ते दुसऱ्या दिवशी वर्गात मोकळेपणानं सांगायचं. नियम संस्थेचा आहे असं सांगता आलं की नवशिक्याची सुटका होते, म्हणून तो आपणच लेखी द्यावा.)

फ्रान्सिस फुलर यांनी 1969 मध्ये शिक्षक घडतानाच्या काळज्यांचा क्रम मांडला होता. पुढं तो तीन टप्प्यांत सांगितला जाऊ लागला: आधी स्वतःची काळजी, म्हणजे मी टिकेन का, मुलं मला मानतील का, मग कामाची, आणि नंतर कधीतरी मुलं शिकली का याची. क्रम इतका काटेकोर नसतो हे अनुभवानं कळतं, पण सराव पाठांच्या पहिल्या महिन्यात तो अगदी डोळ्यांना दिसतो. आपण त्या महिन्यात ग्रुपवर काय विचारतो? ‘आज मुलं काय शिकली, चिंतन लिहा.’ तिसऱ्या टप्प्याचा प्रश्न पहिल्या टप्प्यावरच्या माणसाला, तोही चाळीस जणांसमोर. मग ‘पाठ छान झाला, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ अशी चाळीस वाक्यं येतात, आणि छात्राध्यापक वरवरचं लिहितात म्हणून आपण शिक्षककक्षात कुरकुरतो.

साधनागणिक भावना बदलतात, तेही बघा. व्हॉट्सअॅपशी जोडलेली भावना म्हणजे थकवा. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा 2014 मध्ये आल्या. वैयक्तिक संवादात त्या बंद करता येतात, ग्रुपमध्ये येत नाहीत. मेसेज कुणी वाचला ते पाठवणाऱ्याला दिसतंच. म्हणजे तुमचा मेसेज वाचून गप्प बसलेली मुलगी तुम्हाला दिसते आहे, हे तिला ठाऊक असतं. रात्री साडेदहाला आलेली ‘उद्या टाचण वही आणणे’ ही सूचना तिला शिक्षा वाटते. शिवाय सूचना, अभिनंदनं, सुविचार आणि रचनावादावरची चर्चा, सगळं एकाच पाइपातून वाहत असतं. हा वैताग साधनाचा नाही, आपल्या बेशिस्तीचा आहे, आणि तो बरा करणं सोपं आहे. त्याकडं पुढं येते.

यूट्यूबशी जोडलेली भावना बऱ्याचदा दिलाशाची असते. कुणी बघत नाही, हवं तिथं थांबवता येतं, तीच गोष्ट सहा वेळा पाहिली तरी कुणी हसत नाही. पण तिथला दिलासा कधी कधी उलटतो. झगमगीत संकलन केलेला, शांत, हसऱ्या पंधरा मुलांचा पाठ बघून आपल्या गोंगाट करणाऱ्या वर्गात गेलेला छात्राध्यापक मनानं खचून परततो. चित्रफितीआधी काय काय कापलं गेलं ते त्याला दिसलेलं नसतं. दुसऱ्याचा आदर्श पाठ दाखवला की मी त्याच आठवड्यात माझा स्वतःचा एक फसलेला पाठ दाखवते. खडू तुटतो, प्रश्न फसतो, मागच्या बाकावर दोघं भांडतात. वर्ग हसतो आणि मग बोलू लागतो.

स्वतःची चित्रफीत पाहणं हा आणखी वेगळा प्रकार. आपला आवाज आपल्याला एरवी हाडांमधूनही ऐकू येतो, ध्वनिमुद्रणात फक्त हवेतून येणारा उरतो, त्यामुळं तो पातळ आणि परका वाटतो. हे आधी सांगितलं नाही तर पहिली दहा मिनिटं त्या धक्क्यातच जातात. सूक्ष्म अध्यापनाची सुरुवात स्टॅनफर्डला 1963 मध्ये झाली तीच मुळी छोटा पाठ मुद्रित करून परत पाहण्यातून. तेव्हा स्वतःला पडद्यावर पाहून ओशाळणं हे शिक्षक-प्रशिक्षणात जुनंच आहे. नवं एवढंच की पूर्वी ती फीत कपाटात राहत होती, आणि आता ‘लिंक ग्रुपवर टाका’ असं आपण सहज म्हणतो. ही विनंती नाकारण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे का, हे एकदा स्वतःला विचारा. माझ्याकडं आता फीत मुद्रित करणाऱ्याच्याच ताब्यात राहते. तो ज्या दोघांना दाखवेल त्यांनीच पाहायची. आणि शाळेतल्या मुलांचे चेहरे असतील तर ती ग्रुपवर फिरत नाही, विषय संपला.

गप्प बसणाऱ्यांची तुम्हाला फार काळजी लागलेली दिसते. याकोब नील्सन यांनी 2006 मध्ये ऑनलाइन समुदायांचं एक ढोबळ प्रमाण सांगितलं होतं: साधारण 90 टक्के फक्त वाचतात, 9 टक्के अधूनमधून काही टाकतात, 1 टक्का सतत. चाळीसात पाच-सहा बोलणारे म्हणजे तुमचा ग्रुप त्या मानानं बराच बोलका निघाला की! जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी 1991 मध्ये कारागिरांच्या आणि इतर समूहांच्या अभ्यासातून दाखवलं की नवखा माणूस काठाकाठानं, छोटी कामं करत, बघत बघत आत सरकतो आणि ते काठावर असणं हाही शिकण्याचाच भाग असतो. दोन वर्षांपूर्वीचा माझा एक विद्यार्थी अख्खं सत्र ग्रुपवर एक अक्षर बोलला नाही. आंतरवासितेत, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या काळात, त्याचा भूगोलाचा तास बघायला गेले, तर संत्र्याची साल एकसंध सोलून ती सपाट पसरण्याची धडपड करत तो नकाशा का विकृत होतो ते शिकवत होता. ही कल्पना ग्रुपवर चार महिन्यांपूर्वी एकीनं टाकली होती आणि तिच्या मेसेजला कुणी अंगठासुद्धा दिला नव्हता.

म्हणून एक कळकळीची सूचना: पोस्टला गुण ठेवू नका. मी ठेवले होते. आठवड्याला दोन पोस्ट, एक प्रतिसाद. पहिल्या आठवड्यात रविवारी रात्री साडेअकरा ते बारा या वेळात एकोणतीस मेसेज आले. ‘खूप छान मांडणी’, ‘सहमत’, आणि कुठल्याशा संकेतस्थळावरून उचललेले तीन परिच्छेद, त्यातले दोन हुबेहूब सारखे. गुण मिळाले, ग्रुप मेला.

आणखी एक समजूत बाजूला ठेवा. ‘ही पिढी मोबाईल घेऊनच जन्मली, यांना काय शिकवायचं’ ही. मार्क प्रेन्स्की यांनी 2001 मध्ये ‘डिजिटल नेटिव्ह’ हा शब्द चालवला आणि तो फारच चालला. तो एक भ्रम आहे असं किर्शनर आणि डी ब्रॉइकर यांनी 2017 मध्ये सविस्तर मांडलं. रील करता येणं आणि त्या रीलमधला दावा खरा की खोटा हे तपासायला दुसऱ्याला शिकवणं, यांत पुष्कळ अंतर आहे. हे अंतर खुद्द छात्राध्यापकांना कळतं आणि ते कबूल करायला त्यांना लाज वाटते, कारण सगळे गृहीत धरून बसलेत की त्यांना येतंच. वर्गात लग्न, मूल, नोकरी सांभाळून आलेल्या पस्तिशीच्या विद्यार्थिनी असतात, फोन घरात तिघांत मिळून वापरणारेही असतात. त्यांचा संकोच वेगळा, पण संकोचच.

आता चालू ठेवायचं की बंद करायचं. चालू ठेवा, पण मोडून पुन्हा बांधा. राइनहार्ड पेकरुन यांचा 2006 चा शिकण्यातल्या भावनांबद्दलचा सिद्धांत मला इथं फार कामाला येतो. दोन गोष्टींवरून भावना ठरते, असं तो म्हणतो: हे माझ्या हातात आहे का, आणि याचं मला मोल वाटतं का. मोल वाटतं पण हातात काही नाही, तर चिंता. मोलच वाटत नाही, तर कंटाळा. तुमच्या ग्रुपवर सूचनांमुळं कंटाळा येतोय आणि चिंतनामुळं चिंता. दोघांवर औषध वेगवेगळं लागणार.

कंटाळ्यासाठी: सूचनांचा ग्रुप वेगळा काढा आणि त्यात फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय करून ठेवा, 2018 पासून ती उपलब्ध आहे. संध्याकाळची एक वेळ ठरवा, त्यानंतर तुम्ही काही टाकायचं नाही. हा नियम मुलं पाळतात, मोडतो आपणच.

चिंतेसाठी: चाळीस जणांसमोर कबुलीजबाब मागू नका. पाच-पाच, सहा-सहा जणांचे गट करा, एकाच सराव शाळेत जाणाऱ्यांचे असतील तर उत्तम. प्रत्येक गट आपलं साधन आपण निवडेल, नियम आपण लिहील, तुम्ही त्यात नसाल. आठवड्यातून एकदा गटातला एक जण, पाळीपाळीनं, ‘आमच्याकडं या आठवड्यात अडलेली एक जागा’ तुमच्यापर्यंत आणेल, कुणाची ते न सांगता. माझ्याकडं अपूर्णांकांच्या त्या पाठासारख्या जागा आता अशाच येतात आणि त्यांवर वर्गात सगळ्यांसमोर बोलता येतं, कारण त्या कुणा एकाच्या उरलेल्या नसतात. पॅडलेटवर नाव न देता लिहिण्याची सोय आहे, तीही वापरून पाहा. मात्र सुरुवातीलाच सांगा की एकमेकांवर लिहायचं नाही, पाठावर लिहायचं. निनावीपणाला धार असते.

एक व्यावहारिक टीप मध्येच: जे जे चांगलं जमतंय त्याची प्रत स्वतःकडं ठेवायला लावा. एडमोडो या शिक्षणासाठीच्या संकेतस्थळावर वर्षानुवर्षांचं साहित्य साठवलेले शिक्षक 2022 च्या सप्टेंबरात ती सेवा बंद झाल्यावर हात चोळत बसले होते. 2019 मध्ये गुगल प्लसचंही तसंच झालं.

प्रश्नावली पुन्हा घ्यायची असेल तर ‘सहमत-असहमत’ थोडं कमी करा आणि अपुरी वाक्यं द्या. ‘ग्रुपवर मी शेवटचं लिहून खोडलं, ते असं होतं…’ ‘मी हे फक्त … ला दाखवलं असतं, कारण…’ ‘शाळेतल्या मुलानं मला ऑनलाइन शोधलं तर त्याला … दिसेल.’ कागदावर घ्या, निकाल लागून गेल्यावर घ्या, आणि गोळा करायला दुसऱ्या विषयाच्या कुणाला तरी पाठवा. तिसऱ्या वाक्याची उत्तरं वाचायला निवांत वेळ काढा, ती लांबलचक येतात.

आणि तो दुसरा ग्रुप. आता तुम्ही विचाराल की मुलांनी आपणहून तुम्हाला त्यात घेतलं तर जावं का. मला एकदा घेतलं होतं, निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी. वर सरकत जुने मेसेज वाचायचा मोह झाला असता, पण तेव्हा नव्यानं आलेल्याला आधीचे मेसेज दिसत नसत, हे एक बरं झालं. ‘धन्यवाद, उद्या भेटू’ लिहिलं आणि बाहेर पडले. दहा मिनिटांत तिथं पुन्हा गलबला सुरू झाला म्हणे.